चौथा श्वास

"यंदा साक्ष तू दे," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातली घेवड्याची शेंग नको तिथं मोडली.

एवढंच झालं. दुपारची वेळ, पुढ्यात सूप, दीना उंबऱ्याशी बसून शेंगांच्या शिरांची रांग लावत होती. आत्याबाईंनी मान वरही केली नव्हती. गेल्या महिन्यात त्यांचे उरलेसुरले दात काढले, तेव्हापासून शब्दाच्या आधी त्यांच्या तोंडातून वारा येतो. "माझं बोलनं आता मागच्या बायांस्नी कळत न्हाई. शेवगावच्या तर पार भिंतीला टेकून बसत्यात. आन् साक्ष कुनाची हाय? तुझ्या लेकराची. तुझ्या तोंडून आलेली बरी." मी बरं म्हटलं. सासूला दुसरं काय म्हणणार? बरं म्हणून झालं, आणि मग कानांच्या पाळ्या तापत गेल्या, मान तापली, पदराखाली छाती तापली. घरात दोघीच होतो, आणि एक तीन वर्षांची होत आलेली पोर. त्या दोघींपैकी कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. तरी मी पदर पुढं ओढून घेतला, कुणीतरी उघडं पाहिल्यासारखा.

आमच्या ख्रिस्ती बायकांची मोठी सभा दर मार्चात नगरला भरते. बेलापूर, शेवगाव, पारनेर, कुठून कुठून बायका येतात, आणि एकेकीनं उभं राहून देवानं आपल्या घरी काय केलं ते सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. बहुतेक साक्षी साध्या असतात. नवऱ्याची दारू सुटली, म्हैस सापडली, ताप उतरला. पण आत्याबाईंच्या साक्षीची वाट बघतात. आत्याबाई म्हणजे बनुबाई, बायबलबाई, पंचवीस वर्षं बैलगाडीनं नाहीतर पायी खेडोपाडी हिंडून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवत आलेली. त्यांचं बोलणं ऐकून रडायला येतं. "तीन दिस लेकरू थानाला तोंड लावंना," त्या सांगतात. "जवळ घेतलं की मान फिरवी, आन् आईला बघून रडं. मी खेड्यावरनं आले तर लेकराचा गळा कोरडा. सुनेच्या अंगाला गोड वास. इचारलं, ह्यो वास कुठनं आला? तर एका बाईनं लावाय सांगितला. म्या गुडघं टेकलं. सून धुवून काढली. आन् दिवेलागणीच्या आत माझी नात दूध प्याली." इथं बायका 'आमेन' म्हणतात. पहिल्या वर्षी ती लावायला सांगणारी नुसती एक बाई होती. पुढच्या वर्षी अत्तरवाली झाली. मधल्या प्रार्थनांतून कधीतरी तिच्या वासात सैतान शिरला. मी प्रत्येक वेळी तिथंच असते, दीनाला मांडीवर घेऊन. सभा सुटली की बायका येऊन पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतात. "हीच का गं ती?" मी हो म्हणते. हीच ती.

रात्री दीना झोपते ती माझ्या मानेत नाक खुपसून. तिची ती सवय आहे. नाक अगदी रुतवून दोनदा हुंगते, मग अंग सैल सोडते. "आईचा वास," म्हणते. दुसरीला हे ऐकून काय होत असेल? मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, ही तपासून घेते आहे. आहे ना आज? गेली नाही ना कुठं?

ती जन्मली ते एप्रिल, त्रेचाळीस सालचं. किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले, त्यामुळे भिंगारच्या रस्त्यानं शिपायांची ये-जा, रॉकेल मिळायची पंचाईत, आणि ऊन असं की भिंतीला पाठ लावली तर चटका बसावा. हे, म्हणजे दीनाचे वडील योसेफ, शेवगावला शाळेवर. शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आत्याबाईंची फिरती चालूच होती, सकाळी शेकशेगडी करून, धुरी देऊन, भाकरी झाकून त्या गाडीत बसायच्या ते दिवस कलताना परत. मधला सगळा दिवस मी आणि ती. मी एकवीस वर्षांची होते. ट्रेनिंग कॉलेजात पहिली आलेली, मुलींच्या बोर्डिंगात वाढलेली. आई मला आठवत नाही. माझ्या लहानपणाला वास आहे तो कार्बोलिक साबणाचा आणि ओल्या फरशीचा. बाळंतिणीच्या खोलीतले वास माझ्या ओळखीचे नव्हते. ओव्याचा धूर, शेपा, डिंक, तेलानं मेणचटलेली उशी, आणि या सगळ्यांवर ते माझं स्वतःचं दूध. ते चोळीत आंबायचं. लुगड्यात आंबायचं. केसांनाही तोच वास यायचा. बाळ रडलं की माझ्या काही मनात यायच्या आत छातीतून धार सुटायची, आणि मी बघत राहायचे, हे कुणाचं अंग आहे, जे मला न विचारता हाकेला ओ देतंय. मग रडू यायचं. कशाचं ते सांगता यायचं नाही. छातीत काहीतरी फडफडायचं, पाखरू अडकल्यासारखं, हातपाय गार पडायचे. ह्यांना एका शनिवारी सांगितलं. ते म्हणाले, "थोडी शक्ती कमी असेल. अंडं खात जा." वाईट नव्हतं त्यांच्या मनात. त्यांना अंडं सुचलं.

गौहर आली ती गुलाबपाणी घेऊन. आमची आळी आणि तिची गल्ली यांच्या मधे एकच हौद, झेंडीगेटच्या अलीकडे. तिचे सासरे गनीभाई अत्तर काढायचे, नवरा नूरुद्दीन ते विकायचा, आणि गौहर घरोघर बायकांत हिंडायची. बाळाच्या डोळ्यांना गुलाबपाणी, म्हाताऱ्यांच्या डोकेदुखीला अत्तराचा फाया, उष्णतेला वाळा. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, तिचा बाबाजान तेव्हा सात-आठ महिन्यांचा, कमरेवर. दारातून आत येतानाच बोलत यायची. "काय गं भाभी, अंधारात बसलीस जशी काय चोरी केलीस!" बाळाचे डोळे पुसून झाल्यावर माझा हात हातात घेऊन बसली. नाडी बघतात तसं नव्हे. नुसता धरून. "फडफडतं का इथं?" तिनं विचारलं, आणि मी इतकी रडले की बाबाजान घाबरून तिला बिलगला.

दुसऱ्या दिवशी तिनं काचेची बोटभर कुपी आणली. तळाशी थेंबभर पिवळसर काहीतरी. त्याला ते रूह म्हणतात. त्यांच्या अंगणात तांब्याची देग आहे, तिच्यात फुलं आणि पाणी, झाकण मातीनं लिंपलेलं, वेळूच्या नळीतून वाफ पलीकडच्या भांड्यात उतरते. ते पाणी रात्रभर पसरट परातीत ओल्या फडक्याखाली ठेवायचं. पहाटेच्या गारव्यात वर तुपासारखा पातळ पापुद्रा धरतो, तो पिसानं टिपायचा. पाट्याच्या पाट्या फुलांतून निघतं ते करंगळीच्या नखावर मावेल. "सासऱ्यांनी दिलंय," गौहर म्हणाली. "म्हणाले, पोरीचं काळीज उडतंय, तिला गुलाब दे, हिना नको, मोगरा नको. नीट ऐक आता. कापसाला एक थेंब. कापूस वाटीत, वाटी खिडकीत. लेकरू झोपलं की जवळ जायचं, तीन श्वास घ्यायचे. तीनच. चौथा नाही. मग वाटी झाकायची, तोंड धुवायचं. पाय आग करत असतील तर तिळाच्या तेलात एक थेंब, तळव्यांना. पण वर नाही हां. गळ्याला नाही, छातीला नाही, कानामागं नाही. पिणारं लेकरू आहे. त्याला अजून तुझं तोंड कळत नाही, त्याला तू वासानं कळतेस. वास झाकलास तर त्याची आईच हरवली. आमच्या घरात पाजणारी बाई देगेच्या बाजूलासुद्धा बसत नाही. मी बघ, कशी कांद्यासारखी वास मारते." आणि हसली. खरंच तिला कांद्याचा आणि चुलीचा वास येत होता.

हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. शब्दन्‌शब्द. मी ट्रेनिंग कॉलेजात पहिली आलेली बाई, मला एकदा ऐकलेलं पाठ होतं.

पहिला श्वास घेतला तो दिवस मला अजून कुठूनही उघडता येतो. खिडकीचं एकच दार किलकिलं, वाटीवर उन्हाची चिरी. पहिल्या श्वासाला काहीच नाही, थोडं तिखट, हिरव्या देठासारखं. दुसऱ्याला ते गोल झालं. तिसऱ्याला माझे खांदे खाली आले. ते इतके दिवस कानांपाशी चढून बसलेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. आणि मला काही आठवलं नाही. त्या वासात माझं कुणी नव्हतं, काही मागणारं नव्हतं. घरातला दुसरा प्रत्येक वास मला बोलवायचा. दूध उतू जातंय, धुरी विझतेय, लंगोट भिजलाय, ऊठ. हा वास नुसता होता. त्याच्यात मीही नव्हते, आणि किती बरं वाटलं मी नसताना! आठ-दहा दिवस मी नेमानं वागले. रडू कमी झालं. आत्याबाई म्हणाल्या, "तोंडावर कळा आली गं." मग एका दुपारी मी चौथा श्वास घेतला. त्यानं काही झालं नाही. म्हणून पाचवा. मग कापूस उचलून गळ्याला लावला.

लेकरू उठलं, मी जवळ घेतलं. तिनं नेहमीसारखं तोंड उघडून डोकं हलवत शोधलं, छातीपाशी आली, आणि थांबली. मान फिरवली. दुसऱ्या बाजूला शोधलं. माझ्या दंडापाशी, लुगड्याच्या निऱ्यांपाशी. रडली. मी तिला धरलेलं होतं, दोन्ही हातांनी, आणि ती मला शोधत होती. अगदी लहान आवाजात, ओरडून नव्हे. पोरकं लेकरू रडतं तसं. मी घाबरले का? घाबरले. गळा धुतला. पण तो तेलाचा वास, पाण्यानं थोडाच जातो? संध्याकाळपर्यंत तिनं थोडंसं घेतलं, आणि आत्याबाईंच्या धुरीत उरलासुरला वास बुडाला. त्या दिवशीचं मी चूक म्हणून सोडून देऊ शकते. कोणाकडूनही होईल.

दुसऱ्या दिवशीचं नाही सोडता येत. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंची गाडी दोन दिवसांच्या मुक्कामी फेरीला गेल्यावर मी दाराला कडी घातली, कुपीचं बूच काढलं आणि बोटानं छातीला लावलं. दोन्हीकडे. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ माहीत आहे. ही आज मला ओळखणार नाही. आजचा दिवस मी हिची कुणी नाही. इतकंच. मारायचं नव्हतं, टाकायचं नव्हतं. चमच्यानं मी तिला शेळीचं दूध पाजलं, साखरपाणी पाजलं, ते तिनं अर्धं सांडलं, अर्धं ओकली. ती रडत होती आणि मी भिंतीला टेकून बसले होते, माझ्याभोवती गुलाब होता, आणि मला गार, हलकं वाटत होतं. तिसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशी ती फारशी रडली नाही. टाळू खोल गेली होती. मी ते पाहिलं. पाहून दुसरीकडे पाहिलं.

गौहर दुपारी आली ती दारातच थबकली. आज बोलत आली नाही. नाकपुड्या हलल्या तिच्या. "भाभी, हे काय केलंस?" म्हणाली. तिनं बाबाजानला खाली ठेवलं, लेकराच्या टाळूवर हात ठेवला, "या अल्ला" म्हणाली, आणि तिथंच माझ्या बाजेच्या पायथ्याशी मांडी घालून चोळीची गाठ सोडली. दीनानं आधी नुसते ओठ लावले. मग एकदम घोट घ्यायला लागली. तो आवाज! घटाघटा, मधेच हुंदका, परत घटाघटा. गौहर हलत होती आणि हळूच माझ्याकडे न बघता म्हणत होती, "होतं. होतं असं. कुणाला सांगू नको, मी नाही सांगणार. आता पाणी तापव, बेसन लाव, घासून काढ. होतं गं." का केलंस, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. तिला कळलं होतं. आणि कळूनही ती 'होतं' म्हणत होती. मला वाटतं, मला तेच सहन झालं नाही.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. गाडीचा बैल लंगडला म्हणून लवकर परतल्या होत्या. हातात बायबलची पिशवी, घामानं डबडबलेल्या, आणि दारातून त्यांना दिसलं ते हे, आपली नात परक्या बाईच्या छातीला, आणि सून दरवळत बसलेली. "ह्ये काय चाललंय? ह्यो वास कशाचा?" गौहर काही बोलणार तोच मी बोलले. चार शब्द. "तिनंच सांगितलं होतं लावायला."

गौहरनं माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. शाळेत एखाद्या हुशार मुलीनं अगदी सोपं गणित चुकवलं की आपण बघतो तसं. "तू दिलंस?" आत्याबाईंनी विचारलं. "हां. मीच दिलं," ती म्हणाली. ते खरंच होतं. दीनाला तिनं लगेच काढलं नाही. घोट पुरा होऊ दिला, तोंड पुसलं, माझ्या मांडीवर ठेवलं, बाबाजानला उचललं आणि गेली. आत्याबाईंनी मला न्हाणीत बसवून घासलं, कातडी लाल होईस्तोवर, आणि घासताना मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, आणि मी मनापासून रडत होते, आणि त्यांना वाटलं ते कृतज्ञतेचं रडणं आहे. दिवेलागणीला दीना माझ्याजवळ आली. शोधलं, सापडले. त्यानंतर मी तिला कधी हरवू दिलं नाही. माया एकदम नाही आली, ती कुण्या साक्षीतल्यासारखी त्याच संध्याकाळी नाही उतरली. हळूहळू आली. तिनं पहिल्यांदा माझं बोट धरलं तेव्हा थोडी, तिला गोवर आला तेव्हा पुष्कळ. आता इतकी आहे की ती शिंकली तरी मी हातातलं टाकून धावते. त्यानं मागचं काही धुतलं जात नाही.

गौहरचं मग आमच्या आळीत येणं बंद झालं. आधी ख्रिस्ती बायकांनी दारं लावली, मग त्यांचं ऐकून पलीकडच्या माळणींनी. हिच्या हातून घेतलं की लेकरू दूध सोडतं. ते बोलणं नूरुद्दीनच्या कानावर गेलं आणि त्यानं तिचं बाहेर हिंडणंच बंद केलं. हौदावर तिची नणंद बिस्मिल्ला येते. तिला मी कधी विचारलं नाही. ज्या बाईचा आवाज तिच्या आधी घरात यायचा, तिचा आवाज मी तीन वर्षं ऐकला नव्हता, आणि हौद ओलांडला की तिचं दार. एकदा ह्यांना सांगायचा धीर केला होता. कंदील पुसता पुसता म्हणाले, "झालं ते झालं, मरिया. पोरगी चांगली आहे ना?" पोरगी चांगली आहे म्हणूनच तर. ती चांगली नसती तर निदान शिक्षा झाली असं तरी म्हणता आलं असतं.

घेवडा निवडल्यापासून सभेपर्यंत पाच दिवस होते. पाचही दिवस मी आत्याबाईंचेच शब्द मनात घोळवत होते, माझ्या तोंडात बसतात का बघत. 'एका बाईनं लावायला सांगितलं.' दळताना म्हणून पाहिलं, दीनाची वेणी घालताना म्हणून पाहिलं. बसत होते. त्याचंच मला भय वाटलं. आजवर मी फक्त गप्प बसले होते, आणि गप्प बसण्याला मी निराळं नाव देऊन ठेवलं होतं. आता उभं राहून, माझ्या शिकलेल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं मी तिला पुन्हा एकदा दाराबाहेर काढणार होते. पुढच्या वर्षी परत. आणि एक दिवस दीना मोठी होऊन त्याच सभेत बसेल आणि ती साक्ष तिची म्हणून सांगेल.

शनिवारी उभी राहिले. मंडप तापला होता, पंख्यांसारखी गीतांची पुस्तकं हलत होती. आत्याबाई पुढच्या रांगेत, पांढरंशुभ्र लुगडं, पोपल्या तोंडानं माझ्याआधीच शब्द जुळवत. मी त्यांच्यासारखीच सुरुवात केली, तीन दिवस लेकरू तोंड लावेना. मग म्हणाले, "गौहरनं मला सांगितलं होतं की अंगाला लावू नको." नाव घेतल्यावर माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "तिनं बजावलं होतं. मी मुद्दाम लावलं. लेकरानं मला ओळखू नये म्हणून. मला ते नको होतं, तीन दिवस. आणि मग मी खोटं बोलले. तिनं माझ्या पोरीला पाजलं, आणि मी सगळं तिच्यावर ढकललं."

मी बाकाला धरलं. वाटलं, आता काहीतरी फुटेल. कुणी उठून जाईल, कुणी 'शी' म्हणेल. तसं काहीच झालं नाही. पाळकांच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाल्या, "केवढी नम्र साक्ष! प्रभूची स्तुती असो." कुणीतरी 'आमेन' म्हणालं. मग पुष्कळ जणी म्हणाल्या. कडव्याला सुरुवात झाली, टाळ्या पडायला लागल्या, बेलापूरच्या एका बाईनं मला कवटाळलं, "लई धीराची गं माजी बाई!" यंदाची सगळ्यांत चांगली साक्ष म्हणून त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मी त्या गर्दीत गौहरचं नाव कुठं पडलं ते शोधत होते. ते कुणी उचललंच नव्हतं. त्यांना माझं पाप आवडलं होतं. तिचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

फक्त आत्याबाई गात नव्हत्या. घरी येताना अर्ध्या वाटेपर्यंत त्या माझ्यापुढं चालत होत्या. मग म्हणाल्या, "मला आधी सांगायचं हुतंस. घरात." पुन्हा थोडं चालून, "मी देवाफुडं हुबं ऱ्हाऊन खोटं बोलले, एवढी वर्सं. खेड्यापाड्यातनी बोलले. मला म्हाईत न्हवतं म्हनून देव सोडंल. पर तुला म्हाईत हुतं. तू मला बोलू दिलंस." त्यांचा आवाज त्या वाऱ्यात विरून जात होता, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. गौहरबद्दल त्याही काही बोलल्या नाहीत.

म्हणून मी तशीच पुढं गेले. दीनाला कडेवर घेऊन हौद ओलांडला. फुलांचा मोसम होता, अंगणात गोणपाटावर पाकळ्यांचा ढीग, गौहर आणि बिस्मिल्ला देठ खुडत बसल्या होत्या. गौहर जाड झाली होती. मला पाहून तिनं काम थांबवलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, सभेत काय बोलले ते.

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मग? काय म्हणाल्या तुमच्या बायका?"

"गाणं म्हटलं."

गौहर हसली. ते जुनं हसणं नव्हतं, पण हसली. बिस्मिल्लाला म्हणाली, "ऐकलंस? हिनं मला घरात कोंडलं, आणि तिकडे गाणं झालं." मग पुन्हा देठ खुडायला लागली. "हलकं वाटलं असेल तुला आता."

"नाही वाटलं."

"मग बरं." तिनं पहिल्यांदा दीनाकडे पाहिलं. बराच वेळ. "मोठी झाली. आमच्यात एकदा पाजलं की ती लेक धरतात. पोटभर पाजलं होतं मी हिला. बाबाजानला मी सांगून ठेवलंय, तुझी एक बहीण आहे हौदापलीकडे. तो विचारतो, मग येत का नाही?" तिनं ओंजळभर पाकळ्या परडीत टाकल्या. "काय सांगायचं त्याला?"

मला माफ कर, असं मी म्हणणार होते. ती जशी काही ते येताना बघत होती. "ते नको," म्हणाली. "ते तू मला दुपारी सांगतेस, गल्लीत कुत्रं नसताना. तुमच्या देवाला मांडवात सांगितलंस. हौदावर कुणाला सांगितलंस? माझ्याबद्दल जे झालं ते हौदावर झालं, भाभी. उद्या सकाळी ये. सगळ्या पाण्याला असतात तेव्हा. हिला घेऊन ये आणि माझ्या दारात बस. काही बोलू नको. बोलायला तू लई हुशार आहेस. नुसती बस."

रविवारची सकाळ. देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पहिली घंटा व्हायच्या आत सगळ्यांना पाणी भरून हवं असतं, त्यामुळे हौदावर पाय ठेवायला जागा नव्हती. कालच्या मंडपातल्या निम्म्या इथं होत्या, माळणी होत्या, आणि मधे तांब्याची घागर घेऊन आत्याबाई. मी त्यांच्यामधून गेले. कुणीतरी म्हणालं, "इकडं कुठं गं?" मी थांबले नाही. गौहरच्या दाराच्या पायरीवर बसले, दीनाला पुढ्यात घेऊन. मागं दार उघडंच होतं.

मांडवातली ती शरम मला वाटली होती तशी नव्हतीच. तिला बाक होता, गाणं होतं, रुमाल होते. हिला काही नव्हतं. ऊन तोंडावर येत होतं. घागरी बुडायच्या थांबल्या. एकेक चेहरा वळला. कुणाला काही कळलं, कुणाला नाही, ज्यांना कळलं त्या शेजारणीच्या कानाशी लागल्या. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. मला अंगावरचं लुगडं पातळ झाल्यासारखं वाटलं, छातीपाशी तर नव्हतंच जणू. आत्याबाई घागर काठावर टेकवून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी दीनाच्या भांगाकडे बघायला लागले, मग पायरीच्या दगडाकडे, मग माझ्या पायांच्या बोटांकडे.

मागून, आतून, भांडी घासता घासता गौहरचा आवाज आला. मोठ्यानं, हौदापर्यंत जाईल असा. तीन वर्षांत पहिल्यांदा तो आवाज आळीनं ऐकला.

"मान वर कर, भाभी. तोंड दिसू दे त्यांना."

मी मान वर केली.